जीपला रोल केज : काम हाती घेण्यापूर्वी

कास, कोयना, चांदोलीच्या डोंगराळ भागात ताडपत्रीच्या हुडाची जुनी जीप आजही दिसते. अशी गाडी उलटली तर बसणाऱ्याच्या डोक्यावर कसलाच आधार नसतो. म्हणून हौशी मालक वेल्डिंगवाल्याकडे येतो आणि म्हणतो, "उस्ताद, रोल केज बसवून द्या." घरच्या अंगणात मशीन आणून हे काम होईल का? होतकरू कारागिरांसाठी आम्ही त्याची माहिती देत आहोत.

नळी : ग्रिलची किंवा पाण्याची नळी येथे चालत नाही. मोटारशर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमांत मुख्य कमानीसाठी विनाजोड, थंड ओढलेली कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे. माप ४५ मि.मी. व्यास व २.५ मि.मी. जाडी, किंवा ५० मि.मी. व २ मि.मी. नियम शर्यतीच्या गाड्यांचे असले, तरी आपल्याला मापदंड म्हणून उपयोगी आहेत. नळी घेताना गिरणीचा दाखला मागावा.

वाकवणे : नळी तापवून वाकवू नये. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे ४५ मि.मी. नळीला १३५ मि.मी. वळणावर नळी चेपली, तर तिची ताकद तेथेच संपते. यासाठी चांगले बेंडर मशीन लागते. ते नसेल तर वाकवण्याचे काम मशीनवाल्याकडून करून घ्यावे.

पाया : केज कितीही मजबूत असला, तरी गंजलेल्या पत्र्यावर उभा केला तर उलटताना पाय पत्रा फाडून खाली जातात. आधी गंज काढून जमीन दुरुस्त करावी. प्रत्येक पायाखाली किमान ३ मि.मी. जाडीची, १२० चौ.सें.मी. क्षेत्रफळाची पट्टी द्यावी. स्क्रूने पत्र्याला अडकवलेली कमान ही निव्वळ शोभा होय.

वेल्डिंग : आधी टाके मारून पूर्ण सांगाडा बसवून पाहावा, मगच नळीभोवती सलग वेल्ड द्यावा. त्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडावी, पेट्रोलची टाकी उतरवावी आणि अग्निशामक जवळ ठेवावा.

डोके : शर्यतीत चालक हेल्मेट घालतो, रस्त्यावर घालत नाही. डोक्याजवळची उघडी नळी साध्या धडकेतही जीव घेऊ शकते. तेथे घट्ट गादी लावावी. पट्टे नसतील तर केजचा उपयोग नाही, हे ग्राहकाला सांगावे.

कायदा : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून लोखंडाला हात लावण्यापूर्वी मालकाने सातारा, कराड किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी व विमा कंपनीलाही कळवावे.

आमचे मत असे की मोजमाप, उघडझाप व गादी बसवणे घरी जमेल. वाकवणे आणि वेल्डिंग जाणकाराकडेच द्यावे. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये रोल केज कारखान्यातूनच येतो, हा पर्यायही ग्राहकापुढे ठेवावा. स्वस्त नळी मागणाऱ्याला नकार दिल्यास एक काम जाईल. पण गाडी उलटली, तर आपले वेल्ड आणि एका घराचा कर्ता पुरुष यांच्यात दुसरे काहीच नसते.