दोन लेसर प्रोजेक्टरांची निवड

दिवाणखान्यासाठी प्रोजेक्टर घेताना पुष्कळ बंधू ल्यूमेन, म्हणजे प्रकाशाचा आकडा तेवढा पाहतात. एप्सनच्या एलएस-५०० व त्यानंतरच्या एलएस-८०० या यंत्रांत तो समानच, ४,००० आहे. भेद आहे तो अंतराचा. चित्राच्या रुंदीशी भिंगाच्या अंतराचे प्रमाण पहिल्यात ०.२८, दुसऱ्यात ०.१६. शंभर इंची चित्र सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद असते. अर्थात पहिल्याचे भिंग पडद्यापासून ६२, तर दुसऱ्याचे अवघ्या ३५ सेंटिमीटरांवर येते. बेगमबाजारातील अरुंद खोलीस दुसरे सोयीचे, हे उघड आहे. परंतु इतक्या जवळून येणारा किरण भिंतीवर फारच तिरपा पडतो आणि जुन्या गिलाव्याचा लहानसा फुगवटाही चित्राची कड वाकवितो. गुंडाळावयाचा कापडी पडदा तर सुरकुत्यांमुळे निरुपयोगीच! यास्तव दुकानी जाण्यापूर्वी भिंतीवर लांब सरळ पट्टी धरून पाहावी, आणि ताणून बसविलेल्या चौकटीच्या पडद्याची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरांवरील जी. एस. टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिल्लक साठ्यातील मालाच्या बिलासही हाच दर लागतो, हे व्यापाऱ्यांस सांगणे नलगे.