सर्टिफिकेट भाड्याने देऊ नकोस

चि. सौ. प्राजक्तास,


ताई फोनवर सांगत होती, तुमच्या गल्लीतल्या नव्या मेडिकलवाल्याने तुझं फार्मसीचं सर्टिफिकेट लावायला मागितलंय. महिन्याला ठरलेले पैसे, दुकानात यायची गरज नाही. बाळ लहान, घरी हाताखाली कोणी नाही. अशा वेळी मोह होणारच. तरी हो म्हणू नकोस.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचा अधिकार 1948 च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला, तो रुग्णाच्या जिवासाठी. काल माझ्या मेडिकलमध्ये एक आजी संधिवाताची चिठ्ठी घेऊन आल्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, त्यांना वाटत होतं रोज. गोळी हातात देण्याआधी मी वार ठरवून घेतला, पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवारी' लिहिलं, त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ती गोळी रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. त्या नव्या दुकानाच्या काउंटरवरच्या दहावी झालेल्या पोराला हे कुठून ठाऊक असणार? आणि अनर्थ झालाच, तर कागदावर नाव तुझं. फार्मसी कौन्सिलने नोंदणी काढून घेतली, की पुढे कामावर परतायची वाटही बंद.

मला याहून जास्त टोचतं ते वेगळंच. 2023-24 च्या सरकारी श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरचे 78.8 टक्के पुरुष कामात किंवा कामाच्या शोधात होते, बायका 41.7 टक्के. त्या पाहणीवाल्याला तू 'घरीच असते' म्हणून सांगशील, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, फायलीत मात्र रोज दुकानात उभी असशील. भिंतीवरचं सर्टिफिकेट थोडक्या पैशांत मिळत असेल, तर दुकानदार हजर फार्मासिस्टला पुरा पगार कशाला देईल? तुझ्याच वर्गातली एखादी नोकरी शोधत असेल, तिचा पगार या भाड्यापायी पडतो. उद्या तू परत यायचं म्हणशील, तेव्हा तुझाही. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई झाली, तेव्हा किती ओरड झाली होती! सवय तेवढी मुरलेली आहे.

बारावीनंतर दोन वर्षं डी.फार्म. आणि वर पाचशे तासांचं प्रशिक्षण तू घरची कामं सांभाळून केलंस. ते असं फुकट घालवू नकोस. एका दुकानाच्या लायसनवर एकाहून अधिक फार्मासिस्टची नावं लावता येतात, म्हणून त्याच माणसाला सरळ विचार: सकाळचे चार तास मी स्वतः उभी राहीन, तेवढा पगार द्या. तो नाही म्हणाला तर जवळच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये विचारून पाहा. तोवर कौन्सिलच्या नोंदणीचं वेळेवर नूतनीकरण कर, एखादा रिफ्रेशर कोर्सही करून घे. नवी औषधं फार झपाट्याने येतात. बाळाला त्या चार तासांत कोण पाहील, हे जावईबापूंशी बोल. ते काम तुझ्या एकटीचं नाही.

दुकानदाराला नकार आजच कळव आणि मला फोन कर.

तुझी,
मावशी