ट्रॅक्टरचे ऑइल किमतीवर नव्हे, तासांवर बदला



दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो आणि त्याच सुमारास इंजिनचे ऑइल बदलतो. प्रथा चांगली आहे. अडचण एवढीच, की त्यानंतर पुष्कळांना ऑइलची आठवण होते ती थेट पाडव्याला. मधल्या काळात अख्खा गळीत हंगाम होऊन गेलेला असतो आणि ट्रॅक्टरचे वर्षातले सर्वांत जड काम त्याच काळात झालेले असते.

मागे एका हंगामात, जानेवारीच्या अखेरीस, आमच्या गटातील एका सभासदाचा ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह रस्त्यातच उभा राहिला. निरोप आला म्हणून आम्ही गेलो. इंजिन जाम झाले होते. ऑइल कधी बदलले, असे विचारले तर सभासद म्हणाले, "साहेब, ऑइलचं नाव काढू नका. सगळ्यात भारीतलं सिंथेटिक टाकलंय. हंगामभर बघायला नको, असं सांगितलंय मला." आम्ही मीटर पाहिला. दसऱ्यापासून ८७० तास झाले होते. मिस्त्रीने चेंबर उघडले, तर तळाला डांबरासारखा गाळ. ऑइल पंपाची जाळी बुजलेली, बेअरिंगे गेलेली, क्रँकला चरे पडलेले. इंजिनकामात तीन आठवडे गेले. ट्रॉलीतला ऊस वाळून वजनात घटला, टोळी बसून राहिली, मुकादमाला दिलेली उचल अंगावर आली आणि बँकेचा हप्ता काही थांबला नाही. एवढे सगळे दोन-तीन वेळच्या ऑइलपायी.

सिंथेटिक म्हणजे काय?

साधे ऑइल खनिज तेल शुद्ध करून तयार होते. त्याचे कण लहान-मोठे असतात. सिंथेटिक ऑइल कारखान्यात प्रक्रिया करून बनवतात, त्यामुळे त्याचे कण बरेचसे सारखे असतात. ते थंडीत फार घट्ट होत नाही, उष्णतेत लवकर जळत नाही आणि त्याचा पातळपणा टिकून राहतो. हा गुण खरा आहे, त्यात फसवणूक नाही.

परंतु ऑइल खराब होते ते केवळ उष्णतेने नव्हे. डिझेल जळताना काजळी होते, ती ऑइलमध्ये उतरते. थोडे न जळलेले डिझेल उतरते. एअर क्लीनर घाण असेल तर उसाच्या फडातली धूळ आत जाते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. ही घाण धरून ठेवायला व आम्ल मारायला ऑइलमध्ये काही औषधे मिसळलेली असतात, ती वापराने संपतात. डबा साधा असो की भारी, घाण तेवढीच येते. बेणे कितीही उत्तम लावले म्हणून भांगलण चुकते काय? तसेच हे आहे.

काही सभासद म्हणतात, आता डिझेल स्वच्छ झाले. बरोबर आहे. एप्रिल २०२० पासून देशभर दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक असलेले डिझेल मिळते, त्यामुळे आम्लाचा त्रास घटला. पण काजळी आणि धूळ गेलेली नाही.

मग बदलावे केव्हा?

ट्रॅक्टरसोबत मिळालेले माहितीपुस्तक हाच खरा सल्लागार. पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तास दिलेले असतात, काही नव्या मॉडेलांना याहून जास्त. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बहुधा ५० तासांच्या आसपास बदलायचे असते. पुस्तकात जो आकडा असेल तोच धरावा. सिंथेटिक टाकले म्हणून तो आपल्या मनाने दुप्पट करू नये.

आता हिशेब करा. ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर रोज १० तास चालतो असे धरू. २५० तास २५ दिवसांत भरतात. हंगाम १२० दिवस चालला तर १,२०० तास झाले. म्हणजे हंगाम चालू असतानाच चार वेळा ऑइल बदलावे लागते आणि कारखाना बंद झाल्यावर पाचव्यांदा. यार्डात रांगेत उभे असताना चालू ठेवलेले इंजिनही यात मोजायचे. उभ्या इंजिनातही काजळी होतेच. रांग लांब असेल तर इंजिन बंद करावे, डिझेलही वाचेल.

मीटर बंद असल्यास डिझेलवर मोजा. टाकी काठोकाठ भरून १० तास काम करा आणि पुन्हा भरा. ४० लिटर लागले तर तासाला ४ लिटर झाले. म्हणजे १,००० लिटर डिझेल जळाले की २५० तास पुरे झाले. पंपाच्या पावत्या एका खिळ्याला लावून ठेवल्या तरी हिशेब निघतो.

लक्षात ठेवावे असे

१) डिझेल इंजिनात नवे ऑइलही थोड्या दिवसांत काळे होते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. नुसत्या रंगावरून निर्णय घेऊ नये.

२) ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी आपोआप वाढली किंवा डिझेलचा वास आला तरी धोका आहे. ट्रॅक्टर तिथेच थांबवून मिस्त्रीस दाखवावा.

३) रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर, कांडी पुसून ऑइल पाहावे. कमी झाले म्हणून वरून भरणे म्हणजे बदलणे नव्हे.

४) ऑइल इंजिन गरम असतानाच सोडावे, म्हणजे गाळ बाहेर येतो. हात भाजणार नाही याची दक्षता घ्यावी. ऑइल फिल्टर त्याच वेळी बदलावा. जुना फिल्टर ठेवणे म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालणे.

५) एअर क्लीनर हंगामात रोज पाहावा. तेलाच्या वाटीचा असेल तर वाटीतला गाळ काढून ठरलेल्या खुणेपर्यंत ऑइल भरावे.

६) डब्यावरचा नंबर पुस्तकाशी जुळवावा. '१५डब्ल्यू-४०' हा घट्टपणाचा नंबर. दर्जाच्या खुणेत 'सी' अक्षर डिझेल इंजिनासाठी, 'एस' पेट्रोलसाठी असते.

७) जळके ऑइल विहिरीजवळ, पाटात वा बांधावर ओतू नये. डब्यात साठवून परवाना असलेल्या घेणाऱ्यास द्यावे. अंगाला लागल्यास साबणाने धुवावे.

मोटार आणि मोटारसायकल

मोटारीचे किलोमीटरवर मोजतात. सध्याच्या पुष्कळ मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे दिलेले असते. गाडी दारात उभी राहिली तरी वर्ष चुकवू नये. मोटारसायकलीत मात्र मोटारीचे ऑइल टाकू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो व तो घसरू लागतो.

थोडक्यात, सिंथेटिक परवडत असेल तर जरूर वापरा, पण साध्या ऑइलवर वेळेवर चालणारे इंजिन भारी ऑइलवर विसरलेल्या इंजिनापेक्षा जास्त टिकते. टूलबॉक्समध्ये एक वही ठेवा. तारीख, मीटरचा आकडा आणि पुढच्या बदलाचा आकडा, एवढ्या तीन गोष्टी लिहा आणि ड्रायव्हरलाही दाखवा. वाहतुकीचा करार करण्यास गट ऑफिसला याल तेव्हा ही वही बरोबर आणा. हिशेब मांडून द्यायला आम्ही आहोतच.