आधी जागा, मग घरकुल

तंजावरच्या आसपासच्या खेड्यांत माणसांना घर परवडत नाही, हे मराठी वाचकाला चटकन पटत नाही. घर न परवडणे हे मुंबई-पुण्याचे दुखणे, अशी आपली समजूत असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तर जमीन सपाट, गावे एकमेकांना लागून, आणि कामाच्या वयाची माणसे तिरुप्पूर, चेन्नई, नाहीतर सिंगापूर-आखाताची वाट धरणारी. कित्येक अग्रहारांत, म्हणजे ब्राह्मणवस्त्यांत, घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. मग टंचाई कसली? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता माझे मत एका ठिकाणी येऊन पक्के झाले आहे. भिंती आणि छपराचा खर्च इथले कुटुंब कर्ज काढून, अनुदान घेऊन, अंगमेहनत घालून कसाबसा भागवते. त्याचे अडते ते खालच्या जागेवर आणि त्या जागेच्या कागदावर. सरपंच असो, संस्थेचा कार्यकर्ता असो की योजना आखणारा अधिकारी, ज्याने हा क्रम उलटा धरला त्याचा पैसा खर्च होतो आणि ज्याला घर हवे तो तिथेच राहतो. तंजावरने हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे, म्हणून हे लिहायचे.

याची मुळे जुनी आहेत. आंद्रे बेतेय यांनी 1961-62 मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास केला आणि पुस्तकात त्याला ‘श्रीपुरम’ असे टोपणनाव दिले. त्यात गावाचे तीन भाग स्पष्ट दिसतात: ब्राह्मणांचे अग्रहार, ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या, आणि शेतांपलीकडे दलितांची चेरी. चेरीतल्या शेतमजुराची झोपडी सहसा मिरासदाराच्या जागेवर असे. आपल्याकडच्या सालगड्यासारखा जो ‘पन्नैयाळ’, त्याचे काम, धान्याची मजुरी आणि डोक्यावरचे छप्पर हे तिन्ही एकाच माणसाच्या हातात. मजुरीवरून वाद घातला तर झोपडी जाणार, ही भीती करारात लिहावी लागत नव्हती. 1952 मध्ये तंजावर कुळे व पन्नैयाळ संरक्षण कायदा आला तो कामावरून काढण्याला आळा घालण्यासाठी. राहत्या जागेचा प्रश्न उरलाच. 25 डिसेंबर 1968 रोजी किळवेण्मणी गावात मजुरीच्या झगड्यातून 44 दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळली गेली. त्यानंतर कृष्णम्माळ आणि शंकरलिंगम जगन्नाथन हे सर्वोदयी दांपत्य या भागात कामाला लागले. 1981 मध्ये त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था काढली आणि जमिनीबरोबर घरांचेही काम केले. किळवेण्मणीनंतर तीन वर्षांच्या आत, 1971 मध्ये, तमिळनाडूने ‘कुडियिरुप्पु’ कायदा करून दुसऱ्याच्या जागेवर राहणाऱ्या शेतकऱ्याला आणि शेतमजुराला त्या घरजागेची मालकी दिली. आपल्या 1948 च्या कूळकायद्यातल्या सोळाव्या कलमाने अशा घरातून हुसकावण्याला बंदी घातली होती. तमिळनाडू त्यापुढे जाऊन थेट मालकीपर्यंत गेले. हा कायदा मला या प्रदेशातल्या साऱ्या गृहयोजनांपेक्षा मोठा वाटतो, आणि त्याने एकही वीट रचली नव्हती.

पण कायद्याने जी जागा दिली ती त्या दिवशीच्या झोपडीची. पुढे मुले झाली, त्यांची लग्ने झाली, आणि चेरी मात्र जिथल्या तिथे राहिली, कारण तिच्या चहूबाजूंना पाण्याखालची भातखाचरे. या भागात गावठाणाला ‘नत्तम’ म्हणतात आणि ते आजूबाजूपेक्षा थोडे उंचावर असते. मेट्टूर धरणाचे पाणी सुटले, ईशान्य मोसमी पाऊस लागला, की कोरडे राहते तेवढेच घर बांधायच्या लायकीचे. खाचरात घर बांधायचे म्हणजे आधी मातीचा भराव, मग चिकणमातीत खोल पाया. म्हणजे जागेची किंमत देऊनही जागा तयार होत नाही; भरावाचे पैसे वेगळे. एका भावाच्या अंगणात दुसऱ्याची खोली, तिच्या पडवीत तिसऱ्याची चूल, अशी दाटी त्यातून झाली. सरकारी कागदावर या सगळ्यांना मिळून एकच घर असते.

दुसरी गाठ देवस्थानांची. त्रिभुज प्रदेशातली मोठी मंदिरे आणि तिरुवावडुतुरै, धर्मपुरम यांसारखे मठ हे शतकानुशतकांचे जमीनमालक आहेत, आणि कित्येक गावांत घरांखालची जागाही त्यांचीच. रहिवासी भुईभाडे भरतात, घर बांधतात, पण जागेचा पट्टा, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, त्यांच्या नावावर होत नाही. 1959 च्या हिंदू धर्मादाय कायद्याच्या 34 व्या कलमानुसार अशी जमीन विकायची, गहाण टाकायची किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर आयुक्तांची मंजुरी लागते. देवाची मालमत्ता पुजारी आणि पुढाऱ्यांनी फुंकून टाकू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परिणाम असा की चार पिढ्या एकाच जागी राहिलेले कुटुंब कायद्याच्या दृष्टीने पाच वर्षांचे पाहुणे ठरते. त्याला बँक कर्ज देत नाही आणि घरकुलाच्या यादीतही त्याचा नंबर लागत नाही.

तिसरे कारण अलीकडचे आहे आणि ते पैशाच्या रूपाने बाहेरून आले. कूत्तानल्लूर, अदिरामपट्टिनम अशा गावांत परदेशी कमाईची परंपरा जुनी आहे; आता ती जिल्हाभर पसरली आहे. शेतीत भरवसा नाही, सोने घरात ठेवायची धास्ती, म्हणून बचत प्लॉटमध्ये. तंजावर-कुंभकोणम रस्त्याच्या कडेला भातखाचरांत पांढरे दगड रोवलेले लेआउट दिसतात, त्यांतल्या बहुतेकांवर घर नाही. सप्टेंबर 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मंजुरी नसलेल्या भूखंडांच्या नोंदणीला बंदी घातली तेव्हा व्यवहार ठप्प झाले. 2017 मध्ये शासनाने शुल्क घेऊन असे भूखंड नियमित करायची सोय केली. 2020 चा संरक्षित कृषिक्षेत्र कायदा तेल-वायूचे शोधकाम, चर्मोद्योग, धातूचे कारखाने यांना त्रिभुज प्रदेशात मनाई करतो. भातखाचराच्या प्लॉटिंगला त्यातून धक्का लागत नाही. रस्त्यालगतची जमीन या भावाने जाऊ लागली की मजुराला लागणारी दोन-तीन सेंट जागाही त्याच मापाने मोजली जाते. दिवसाची मजुरी भातावर ठरते आणि जागेचा भाव दुबईच्या पगारावर. परवडण्याचा प्रश्न इथे आहे.

यावर योजनांनी काय केले? 2010 मध्ये राज्यातल्या सुमारे 21 लाख झोपड्यांच्या जागी पक्की घरे बांधायची घोषणा झाली. 2011 मध्ये सरकार बदलले, सौरदिव्यांची 300 चौरस फुटांची हरितघरे आली. 2024 पासून ‘कलैञरिन कनवु इल्लम’ योजनेखाली 360 चौरस फुटांच्या घराला साडेतीन लाख रुपये मिळतात आणि 2030 पर्यंत आठ लाख घरांचे लक्ष्य आहे. नाव बदलते, क्षेत्रफळ वाढते, रक्कम वाढते. अट तीच: स्वतःच्या नावावर पट्टा असलेली जागा. त्यामुळे प्रत्येक फेरीत जागावाल्यांतला सर्वांत गरीब निवडला जातो, बिनजागेवाला पुढच्या फेरीची वाट पाहतो. याला एक अपवाद घडला, तो आपत्तीमुळे. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर शासनाने आधी जमीन मिळवली, मग संस्थांना घरे बांधायला दिली, आणि काही वर्षांत वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही सखल जागी पडल्या, पाणी साचले, हेही खरे. पण जमीन मिळू शकत नाही, हे म्हणणे तिथे खोटे ठरले.

जागा नसण्याचा परिणाम वादळात सर्वांत उघडा पडतो. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ धडकले तेव्हा पक्की घरे बहुतांशी तगली, नारळीच्या झापांची छपरे उडाली. झापांखाली राहणारे सगळेच फार दरिद्री असतात असे नाही. पट्ट्याशिवायच्या जागेवर पैसा घालायला कोणीही शहाणा माणूस कचरतो. मग तो पैसा दुचाकीत, सोन्यात, मुलाच्या एजंटाला देण्यात जातो, आणि मुलगा गाव सोडतो. आपण त्याला स्थलांतर म्हणतो आणि कारण शेतीत शोधतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की तमिळनाडूच्या भाताच्या कोठारात घरांसाठी जमीन द्यायची म्हणजे अन्नावर घाला. हिशेब करून पाहावा. ग्रामीण भागात घरजागेचा मोफत पट्टा साधारण तीन सेंटांचा असतो, म्हणजे आपला सव्वा गुंठा. एकरात शंभर सेंट. रस्ता आणि गटार सोडले तरी एका एकरात वीस-बावीस कुटुंबे बसतात. शंभर बिनजागेच्या कुटुंबांना पाच एकर पुरतात. एवढी जमीन त्याच गावाच्या शिवारातल्या ओसाड लेआउटने कदाचित आधीच खाल्लेली असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: देवाच्या जमिनीवर बसलेल्याला मालकी दिली तर अतिक्रमणाला बक्षीस मिळेल. 2019 मध्ये अशी घरे नियमित करणारा शासन आदेश निघाला, त्यालाही याच मुद्द्यावर मद्रास उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. माझ्या मते सरसकट मालकीचा आग्रहच चुकीचा होता. मालकी देवस्थानाचीच राहू द्यावी. रहिवाशाला दीर्घ मुदतीचा, वारसांना मिळणारा, पक्के घर बांधू देणारा भाडेपट्टा द्यावा आणि योजनांनी तो पट्ट्याच्या बरोबरीने धरावा. संस्थेला लाभाचे असेल तर मंजुरी देण्याची वाट 34 व्या कलमातच आहे, आणि नियमित भाडे हे थकबाकीपेक्षा देवालाही लाभाचेच. तिसरा आक्षेप म्हणजे माणसे गाव सोडतच आहेत, थांबा, भाव आपोआप उतरतील. तो मला मुळीच पटत नाही. अग्रहारातले कुलूपबंद घर बाजारात नसते. त्याला आठ वारस असतात. एक चेन्नईच्या माम्बलममध्ये, एक न्यू जर्सीत, आणि सही कोणाचीच मिळत नाही. शिवाय ज्याला घर हवे त्याला त्या गल्लीत घर मिळेल का, हा प्रश्न बेतेय यांच्या काळाइतका कडक नसला तरी संपलेला नाही.

महाराष्ट्रात गावपातळीवर काम करणाऱ्यांनी यातून उचलण्यासारखे बरेच आहे. देवस्थान इनाम, गायरान, वाढ खुंटलेले गावठाण, ही आपल्याकडचीच नावे आहेत. घरकुलाची यादी करण्याआधी बिनजागेच्या कुटुंबांची यादी करावी, आणि एका छताखालची लग्न झालेली कुटुंबे वेगळी मोजावीत. पंडित दीनदयाळ योजनेतून 500 चौरस फूट जागेसाठी सुरुवातीला 50,000 रुपये मिळत. ती वाट चांगली, पण रस्त्यालगतच्या गावात एवढ्यात काय मिळते ते आधी विचारावे आणि पाच-दहा कुटुंबांनी मिळून एकच तुकडा घ्यावा. जागा नदीकाठी किंवा कालव्याखाली असेल तर भरावाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, आणि पावसाळ्यात जाऊन पाहिल्याशिवाय ती नक्की करू नये. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे घ्यावा. नागपट्टिनमच्या पुनर्वसनात तो तसाच देण्यात आला होता. तंजावरकडे बचतीचा प्लॉट घेऊ पाहणाऱ्याने पट्टा, बोजा-दाखला आणि लेआउटची मंजुरी हे तिन्ही कागद एकाच सर्व्हे नंबरचे आहेत ना ते पाहावे, आणि तो नंबर देवस्थानाच्या यादीत नाही याची खात्री करावी.

आणि ज्या मराठी घराण्यांचा तिकडच्या एखाद्या अग्रहारात अजून हिस्सा आहे, त्यांना वेगळे सांगणे आहे. तंजावरच्या मराठा गादीवरच्या शहाजीराजांनी 1693 मध्ये तिरुविशनल्लूर गाव 46 विद्वानांना दिले आणि शहाजीराजपुरम वसवले, तेव्हा पंडितांच्या पदरात नुसती बिदागी पडली नव्हती, पायाखालची जमीनही पडली होती. आज त्या भागातल्या घराचे वारस वाटणीपत्राशिवाय तिसऱ्या पिढीत पोचले असतील तर दरवर्षी एक सही आणखी दुर्मीळ होत जाते. एका वारसाला मुखत्यारपत्र द्यावे, नोंदी लावून घ्याव्यात, आणि घर विकायचे नसेल तर गावातल्याच कुटुंबाला लेखी कराराने, नोंदणी करून, राहायला द्यावे. भाडे फार येणार नाही. कौले मात्र शाबूत राहतील, आणि शाळेची एखादी शिक्षिका किंवा रोवणीला जाणारी बाई त्याच गावात राहू शकेल.