कॉम्प्युटरच्या रांगेत उभं राहण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की नगर, संगमनेर, श्रीरामपूरहून पालकांचा एकच प्रश्न येतो: कॉम्प्युटरला नंबर लागेल ना? स्पष्टच सांगायचं, तर शेजारच्यांचा मुलगा हिंजवडीत आहे, हे शाखा निवडण्याचं कारण नव्हे. गणित आणि भौतिकशास्त्रात ज्याचं मन रमतं, त्याच्यासाठी फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे वाहत्या पाण्याचं आणि हवेचं शास्त्र, हा संशोधनाचा भक्कम मार्ग आहे, आणि आपल्या नगर जिल्ह्याला त्याची फार गरज आहे. समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना गार होतात आणि अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस देतात. तीच हवा घाट उतरताना तापून कोरडी होते आणि पाथर्डी दुष्काळात राहते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांखाली असेल, तर २०१४च्या आदेशानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. मग मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. पण सोडलेल्यापैकी किती पाणी नदीपात्रात मुरलं, किती उडालं आणि किती पैठणला पोचलं, याचं उत्तर मोजमाप आणि समीकरणंच देऊ शकतात. ती मांडणारी माणसं या जिल्ह्यातून का निघू नयेत?

‘यात पैसा कुठे?’ ही शंका रास्त आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात, जागाही मोजक्याच निघतात. ज्या घराला लगेच पगार हवा, त्याने हा रस्ता धरू नये. मात्र नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे बापाच्या खिशावर भार पडत नाही. पुढे खडकवासल्याचं १९१६पासूनचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, जिथे धरणांच्या लहान प्रतिकृतींतून पाणी सोडून सांडव्यांची परीक्षा घेतात. पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था आहे, जिथे मान्सूनची समीकरणं महासंगणकावर सोडवतात. कोडिंग इथेही सुटत नाही, उलट त्याला काम मिळतं. वाट सरळ आहे: सिव्हिल, मेकॅनिकल किंवा राहुरीच्या विद्यापीठातलं कृषी अभियांत्रिकी करून गेट परीक्षा; नाहीतर बी.एस्सी. करून आयआयटीची जॅम परीक्षा.

‘मुलाला काय कळतं?’ असं म्हणणाऱ्या पालकांनी जरा थांबावं. न आवडणाऱ्या शाखेत चार वर्षं ढकललेलं मूल विषय ढकलतच पुढे जातं, आणि मुलाखतीत ते पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं. मुलगी असेल तर ‘धरणावर, नदीवर कशाला फिरायचं’ म्हणून तिला अकरावीतच गणित सोडायला लावतात. ते आधी थांबवा. गणित सुटलं की यातल्या बहुतेक वाटा तिथेच बंद होतात.