सायलेन्सर बदलला, मग प्लग पाहा

तिवस्यात नागपूर रोडवर गॅरेज टाकून बसलं की गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. इंदोरी सायलेन्सर लावलाय की पंजाबी, हे मी मान वर न करता सांगतो. या विद्येबद्दल अजून कोणी सत्कार केलेला नाही, आणि केला नाही तेच बरं, कारण गाडीचं खरं दुखणं कानाला कळत नाही.

१. सायलेन्सर हा पेट्रोलच्या हिशेबातलाच भाग आहे, हे फार उशिरा डोक्यात शिरलं. जळका धूर मोकळा सुटला की सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त भरते. कार्बोरेटरचा जेट मात्र कंपनीच्या सायलेन्सरच्या मापाचाच राहतो. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, गाडी लीन. पोरगा सांगतो, "भाऊ, पयते लय, पन मंधात गचके खाते." प्लग खोलावा तर बिस्किटी रंगाच्या जागी पांढराफटक. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, की गचके बहुतेक जातात.

२. थ्रॉटल सोडल्यावर फुटणारे फटाके हे ताकदीचं लक्षण नव्हे. पोरांना सांगून पाहिलं. त्यांचा चेहरा पडतो. पुष्कळदा बेंड पाइपाचं गॅस्केट नीट बसलेलं नसतं. तिथून बाहेरची हवा आत जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. जॉइंटपाशी काजळीची बारीक रेघ दिसली, की जेटला हात लावायचा नाही.

३. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं आणि माझ्या स्क्रूड्रायव्हरचा रुबाब गेला. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुराची चव घेतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. पण तेही बेताच्या वेगात. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू ठरलेल्या मॅपवरच चालतो. आणि सेन्सरच्या आधी जॉइंट लीक असेल तर? बाहेरच्या हवेमुळे सेन्सरला गाडी लीन वाटते, ईसीयू पेट्रोल ओततो, अ‍ॅव्हरेज पडतं, प्लग काळा. तसाच पाइप, एका गाडीचा प्लग पांढरा अन् दुसरीचा काळा! माझ्या अनुभवाची घमेंड तिथे उतरली.

४. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून द्या म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो. कायद्यात बसत नाही, आणि दंड भरताना मिस्त्रीचंच नाव निघतं.

५. एकदा बसवलेला जेट बारा महिने चालत नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हवा विरळ होते. तेव्हा बरोबर वाटलेला जेट डिसेंबरच्या पहाटे कमी पडतो. त्यात पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागायचे, याला साडेतेराच्या आसपास पुरतात. म्हणजे जुना जेट आणखीच लीन. दिवाळीनंतर प्लग दाखवून जा, असं प्रत्येकाला सांगतो. येतं कोण? आवाज चांगला येतो ना, मग झालं.