आपले स्वतःचे संगणक-जाळे : एका खोलीपासून डोंगरापलीकडे

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत पाच संगणक आहेत. एका पावसाळ्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार तुटली आणि आठ दिवस जोडली गेली नाही. परीक्षा तोंडावर आलेली. निम्मी टिपणे बाहेरच्या सर्व्हरवर अडकली. जी आमच्याच संगणकांवर होती तीही एकावरून दुसऱ्यावर नेता येईनात, कारण मुलांना ठाऊक असलेला एकमेव मार्ग बाहेरून जात होता. एका मुलीने विचारले, "सर, शेजारच्या मशीनशी बोलायला बाहेरची तार कशाला लागते?" प्रश्न रास्त होता. ती लागत नाही. प्रस्तुत लेख म्हणजे तिला दिलेले सविस्तर उत्तर होय.

इंटरनेट हे अनेक जाळ्यांचे जाळे आहे. त्यातील एक लहान जाळे आपले असू शकते आणि बाहेरचा दुवा तुटला तरी ते जाळेच राहते. सुरुवातीला एक आठ तोंडांचा स्विच आणि प्रत्येक संगणकापर्यंत एक केबल पुरते. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, हे ध्यानात ठेवावे. एखादा जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवावा. त्यावर मुलांची टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका ठेवता येतात. किविक्स या मोफत प्रणालीच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाही त्यावर उतरवून घेता येतो. एवढे झाले की बाहेरची तार तुटल्याने अभ्यास थांबत नाही.

आता पत्त्यांविषयी. येथे बहुतेकजण घाई करतात आणि पुढे पस्तावतात. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. खासगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले आहेत. १९९६ साली ठरलेल्या त्या नियमानुसार १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणासही विनापरवाना वापरता येतात. बाजारातील पुष्कळसे राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असे पत्ते घेऊन येतात. एका खोलीत त्याने बिघडत नाही. परंतु उद्या दोन इमारती जोडावयाच्या ठरल्या आणि दोन्हीकडे तेच आकडे निघाले, तर एकाच गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असल्यासारखे होते. म्हणून पहिल्या दिवशीच आराखडा करावा. आम्ही १० चा गट घेतला. दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा खोलीचा, चौथा यंत्राचा. १०.१ म्हणजे समाजमंदिर, १०.२ म्हणजे अभ्यासिका. तेव्हा आमच्याकडे दुसरी इमारत जोडलेली नव्हती, आणि लोक हसलेही. आणखी एक : पत्ते वाटण्याचे काम एका जाळ्यात एकाच यंत्राने करावे. मी घरचा राउटर हौसेने आमच्या स्विचला लावला. तोही पत्ते वाटू लागला आणि निम्मे संगणक भलत्याच वाटेला लागले. कारण सापडेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या.

दोन इमारती जोडताना प्रत्येक इमारतीचे जाळे वेगळे ठेवावे आणि मध्ये राउटर बसवावा, म्हणजे एकीकडचा गोंधळ दुसरीकडे पसरत नाही. जवळच्या इमारतींमध्ये तांब्याऐवजी काचतंतूची केबल टाकावी. वीज कडाडली की लांब तांब्याची तार दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकते. काचतंतूतून वीज वाहत नाही.

केबल जेथे पोहोचत नाही तेथे बिनतारी दुवा. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या डोंगराळ खेड्याचे उदाहरण याबाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. गावापर्यंत टेलिफोनची तार नव्हती. तेथील शिक्षक महावीर पुन यांनी जुन्या सुट्या भागांतून संगणक जुळवले, लाकडी पेट्यांत बसवले आणि ओढ्यावरील लहान जनित्रांवर चालवले. मग २००२ च्या सुमारास परदेशी स्वयंसेवकांच्या मदतीने झाडांवर दूरदर्शनच्या तबकड्या बांधून शेजारचे रामचे गाव जोडले. पुढे डोंगरमाथ्यांवर टप्पे उभारून हा दुवा पोखरा शहरापर्यंत नेला आणि २००३ मध्ये नांगी इंटरनेटवर आले. जाळे वाढून डझनभर गावे जोडली गेली. विशेष हे की त्याचा उपयोग गावांनी आपापसांतही केला : शिक्षक कमी असलेल्या शाळांनी ते वाटून घेतले, उंचावर याक राखणारे खालच्या घरच्यांशी बोलू लागले. पोखऱ्याच्या डॉक्टरांचा सल्लाही मिळू लागला. पुन यांना २००७ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार नंतरचा, आधी रामचेची ती एक तबकडी होती.

अशा दुव्याला दोन्ही टोके एकमेकांना दिसावी लागतात, पण नुसते दिसणे पुरत नाही. लहरींचा मार्ग सरळ रेघ नसून मध्ये फुगीर असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या दोन किलोमीटर दुव्यात मध्यभागी सर्व बाजूंना सुमारे ८ मीटरचा पट्टा येतो. त्यातील निम्म्याहून अधिक भाग मोकळा हवा. मार्च महिन्यात निष्पर्ण झाडातून उत्तम चाललेला दुवा जुलैत ओल्या पानांनी मंदावतो. आपल्याकडे तपासणी पावसाळ्यातच करावी.

भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरण्यास खुला झाला. रस्ता ओलांडून केबल नेण्यास मात्र स्थानिक संस्थेची परवानगी लागते, आणि इंटरनेट विकत घेऊन पैसे घेऊन वाटणे हा परवान्याचा विषय आहे. तो मोह टाळावा.

दुसऱ्या शहरातील शाखा जोडावयाची असेल तर स्वतःचे खांब रोवणे परवडत नाही. तेथे भाड्याच्या इंटरनेटमधूनच सांकेतिक लिपीतील बोगदा काढतात. वायरगार्ड ही मोफत प्रणाली त्यासाठी पुरेशी आहे. रस्ता भाड्याचा, पण आत काय चालले आहे ते वाटेतल्या कोणास वाचता येत नाही. दोन्ही टोकांचे पत्ते वेगळे असले तरच हे सुरळीत चालते, म्हणून वर एवढे लांबवले.

आमच्याकडे १०.२ आणि १०.१ यांच्यात आता काचतंतू आहे. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, कोणती केबल कोठून गेली, हे सारे एका शंभर पानी वहीत लिहिलेले आहे. वही अभ्यासिकेच्या कपाटात असते, आणि किल्ली त्याच मुलीकडे.